सोलापूरच्या सिव्हिलमधला मध

भाजलेला माणूस सिव्हिलच्या दारात उतरवला की सोबत आलेले नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो एकच : किती टक्के? महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डोकं नऊ, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ अठरा असा हिशेब डॉक्टर मनातल्या मनात करतात. सुट्या सुट्या जागा पेशंटच्या तळहाताने मोजतात. एक तळहात म्हणजे साधारण एक टक्का. आकडा ऐकून माणसं एकमेकांकडे बघतात. पंधरा-वीस म्हटलं तर कुणीतरी चहा आणायला जातं. साठ-सत्तर म्हटलं की गावाकडे निरोप धाडायची घाई सुरू होते.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात हा प्रश्न आपल्या सरकारी रुग्णालयांत रोजचा होता, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या बाईबद्दल विचारला जायचा. चूल आणि स्टोव्ह बाईच्याच वाट्याला. पंप मारायचा पितळी स्टोव्ह, त्याची तुंबलेली पिन, रेशनचं रॉकेल, जमिनीवर बसून स्वयंपाक आणि अंगावर नायलॉनची साडी. पदर पेटला की ते कापड जळण्याआधी वितळायचं आणि कातडीला चिकटायचं. सगळेच भडके अपघाताचे नव्हते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं, ते उगाच नाही.

या बायकांवर उपचार काय व्हायचे? भाजल्यावर पहिले दोन दिवस सलाईनची लढाई असते, कारण कातडीची भिंत गेली की अंगातलं पाणी पाझरून जातं. ती लढाई जिंकली की खरा शत्रू येतो. जळलेली कातडी म्हणजे जंतूंना मोकळं रान. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जखमेला वास येऊ लागतो, पट्टीवर हिरवट डाग दिसू लागतात, ताप चढतो. वीस-पंचवीस टक्के भाजलेलं माणूस, जे खरं म्हणजे वाचायला हवं, तेही जंतुसंसर्गाने जाऊ शकतं. यावर जगभर जे औषध वापरलं जात होतं ते म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझीनचं पांढरं मलम. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ साली ते पुढे आणलं आणि थोड्याच वर्षांत जळिताच्या प्रत्येक वॉर्डात त्याच्या बरण्या दिसू लागल्या. औषध चांगलं होतं. पण ते रोज जाड थर देऊन लावायचं, रोज धुऊन काढायचं, पुन्हा लावायचं. ज्या रुग्णालयात कापसाचाही हिशेब ठेवावा लागतो तिथे हे किती परवडणार, हे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नामांकित नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख छापून आला. लेखक डॉ. एम. सुब्रह्मण्यम. पत्ता होता शल्यचिकित्सा विभाग, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर. चादरींच्या आणि सिद्धेश्वराच्या या गावातलं हे कॉलेज १९६३ साली सुरू झालेलं. त्याला जोडलेलं रुग्णालय म्हणजे सगळं सोलापूर ज्याला नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतं ते. लेखाचा विषय होता, भाजलेल्या जखमेवर मध.

लेखात एकशे चार रुग्ण होते. बावन्न जणांच्या जखमेवर शुद्ध, न तापवलेला मध लावून वर गॉजची पट्टी बांधली. उरलेल्या बावन्न जणांना सिल्व्हर सल्फाडायझीन लावलेला गॉज. मधाच्या गटात सात दिवसांच्या आत ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. जखमेत निरोगी लाल मांसांकुर दिसायला मधाच्या गटात सरासरी ७.४ दिवस लागले, मलमाच्या गटात १३.४. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा एकीकडे ८७ टक्के, दुसरीकडे १०.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थबकलो. इतका मोठा फरक वैद्यकात सहसा दिसत नाही, आणि त्याबद्दल शंका घ्यायलाही पुरेशी जागा आहे. त्या शंकांकडे पुढे येतोच. आधी या लेखाला धाडस कशासाठी लागलं ते पाहायला हवं.

मधाने जखमा बऱ्या करणं मुळात जुनं आहे, फार जुनं. इजिप्तमध्ये १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने लक्सरला एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचं संपूर्ण भाषांतर जेम्स ब्रेस्टेड यांनी १९३० साली प्रसिद्ध केलं. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमाराची ही गुंडाळी म्हणजे शल्यविद्येची वही आहे. त्यात जखमांच्या आणि मोडक्या हाडांच्या ४८ रुग्णकथा आहेत, आणि पुन्हा पुन्हा एकच कृती येते : पहिल्या दिवशी ताजं मांस बांधा, नंतर जखम भरेपर्यंत रोज चरबी, मध आणि कापसासारखे धागे. आपल्या सुश्रुताने सूत्रस्थानाचा बारावा अध्याय अग्निकर्माला दिला आहे. तापलेल्या शलाकेने डाग दिल्यावर त्या जागी मध आणि तूप लावायला तो सांगतो. त्याच अध्यायात तो भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार करतो, म्हणजे खोलीप्रमाणे वर्गवारी करतो, आणि सगळ्या प्रकारच्या भाजलेल्या जखमांसाठी तुपात शिजवलेलं जे मलम देतो त्यात मेण आहे. मोहोळातला मधही त्याच्या कामी आला आणि मेणही.

विसाव्या शतकात या सगळ्यावर पडदा पडला. १९४०नंतर पेनिसिलीन आलं, त्यामागोमाग एकाहून एक प्रतिजैविकं आली, आणि मध आजीच्या बटव्यात परत गेला. १९७६ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयाने मधाची गणना निरुपयोगी पण निरुपद्रवी पदार्थांत केली. शिकलेल्या सर्जनने जखमेवर मध ओतायचा म्हणजे आपली पदवी पणाला लावायची, असे ते दिवस होते. १९८८ साली नायजेरियातल्या कालाबारचे शल्यविशारद एफेम यांनी ५९ रुग्णांचा अनुभव त्याच ब्रिटिश नियतकालिकात मांडला. बहुतेकांच्या जखमा नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या होत्या. एक वगळता सगळ्यांना मधाने गुण आला. पण एफेम यांच्याकडे तुलनेला दुसरा गट नव्हता. मध लावला आणि बरं वाटलं, यापलीकडे त्यातून सिद्ध काही होत नाही. औषध खरंच चालतं का हे कळायला दोन गट लागतात, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडून चालत नाही. भाजलेल्या जखमांच्या बाबतीत ते काम सोलापुरात झालं.

आणि ते एका लेखावर थांबलं नाही. सुब्रह्मण्यम यांनी मधाला अक्षरशः आखाड्यात उतरवलं आणि एकामागून एक पैलवान समोर आणले.

१९९३ साली समोर होती पॉलियुरेथिनची पारदर्शक चिकट पट्टी, त्या काळातली आधुनिक आणि महाग चीज. प्रत्येक गटात ४६ रुग्ण. मधात भिजवलेल्या गॉजखाली जखम सरासरी १०.८ दिवसांत भरली, पट्टीखाली १५.३ दिवसांत. १९९४ साली समोर आला बाळंतपणानंतर मिळणारा गर्भावरणाचा पातळ पडदा, जो आपल्याकडे अनेक रुग्णालयांत जखम झाकायला वापरत. मधाखाली ९.४ दिवस, पडद्याखाली १७.५. १९९३ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं एक टिपण आलं. रोपणासाठी काढलेली कातडी मधात साठवून ठेवता येते, असं त्यात होतं. जिथे कातडी साठवायला खास शीतकपाट नाही अशा गावातून ही कल्पना यावी, यात मला काही नवल वाटत नाही.

१९९६ सालची लढत मात्र मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिच्यात समोरचा पैलवानही महाराष्ट्राचाच होता : उकडलेल्या बटाट्याची साल.

ही कथा थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. मुंबईत परळला वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी भाजलेल्या मुलांवर उपचार करत. चहा सांडला, भाताची पेज अंगावर आली, आंघोळीच्या कढत पाण्यात मूल पडलं, अशी मुलं रोज येत. त्यांच्या जखमेवरचा गॉज सुकून चिकटायचा आणि काढताना मूल किंचाळायचं. केसवानींनी बटाट्याच्या साली उकडून, गॉजच्या पट्टीवर एकीला एक लागून चिकटवून, निर्जंतुक करून वापरल्या. साल ओलावा धरून ठेवते, जखमेला चिकटत नाही आणि पैशांत मिळते. १९८५ साली त्यांनी हा अनुभव ‘बर्न्स’ या नियतकालिकात मांडला आणि बटाट्याची साल जगभरच्या जळीततज्ज्ञांच्या चर्चेत आली. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून पाहिली. २००३ साली त्यांनी केळीचं पान आणि बटाट्याची साल यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा केळीचं पानही तितकंच गुणाचं आणि त्याहून स्वस्त ठरलं.

परळला बटाटा, शीवला केळीचं पान, सोलापुरात मध. वीसेक वर्षांत महाराष्ट्रातल्या तीन रुग्णालयांनी स्वयंपाकघरातल्या तीन वस्तू घेऊन जळिताच्या शास्त्रात भर घातली, आणि तिन्ही ठिकाणी ती भर घालणारे डॉक्टर पुराव्याच्या भाषेत बोलले. वैद्यकाच्या इतिहासात या काळावर स्वतंत्र प्रकरण व्हायला हवं. आपल्या शाळकरी पुस्तकांत तर एक ओळही नाही.

तर १९९६च्या लढतीत एका बाजूला पन्नास रुग्ण मधाचे, दुसऱ्या बाजूला पन्नास सालीचे. मधाच्या गटातल्या ज्या जखमांत आधी जंतू होते त्यांपैकी ९० टक्के आठवड्यात स्वच्छ झाल्या. जखम भरायला मधाला सरासरी १०.४ दिवस लागले, सालीला १६.२. साल जखम झाकते, पण जंतू मारत नाही. मध दोन्ही करतो.

कसं करतो, ते पट्टी बदलण्याच्या वेळी उघड्या डोळ्यांनी दिसतं. जळिताच्या वॉर्डात सकाळची ड्रेसिंगची वेळ सगळ्यांत वाईट. रात्री जखमेतून पाझरलेला स्राव गॉजच्या जाळीत सुकतो आणि गॉज कातडीचाच भाग झाल्यासारखा धरून बसतो. सिस्टर सलाईन ओतून ओतून तो सोडवतात, तरी शेवटी थोडं ओढावंच लागतं, आणि त्या ओढण्यासरशी दुधावरच्या सायीसारखी आलेली नवी कातडी त्याच्याबरोबर निघते. रक्ताचे टिपके उमटतात. म्हणजे चोवीस तासांत शरीराने जे विणलं ते दोन मिनिटांत उसवतं. मधाच्या पट्टीत हे होत नाही. मधात जवळजवळ ८० टक्के साखर असते आणि पाणी फार तर १७-२० टक्के. असा घट्ट पाक आजूबाजूचं पाणी खेचतो. लोणच्यात मीठ कैरीचं पाणी सोडवतं, तसंच. जखमेच्या खालच्या थरातून स्वच्छ पाणी वर येतं, गॉज आणि जखम यांच्यामध्ये एक ओला थर तयार होतो आणि पट्टी सुटी निघते. जे पाणी जखमेतून बाहेर येतं ते मेलेल्या पेशी आणि घाणही सैल करतं.

जंतूंना याच पाकाने पहिला तडाखा बसतो, कारण त्यांचंही पाणी शोषलं जातं. दुसरा तडाखा आंबटपणाचा. मध चवीला गोड असला तरी आम्लधर्मी आहे. तिसरी गोष्ट कळायला मात्र पाव शतक लागलं. १९३७ साली जर्मनीत डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधातल्या अज्ञात जंतुनाशक घटकाला ‘इनहिबिन’ असं नाव दिलं. नाव मिळालं, पण वस्तू हाती लागली नाही. १९६३ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातले रसायनतज्ज्ञ जोनाथन व्हाइट यांनी दाखवलं की ते इनहिबिन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. मधमाशी फुलातला रस मधात बदलताना त्यात आपल्या ग्रंथीतलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर मिसळते. घट्ट मधात ते झोपलेलं असतं. जखमेच्या ओलीने मध पातळ झाला की ते जागं होतं आणि साखरेतून थोडं थोडं पेरॉक्साइड सोडत राहतं. बाटलीतलं पेरॉक्साइड जखमेवर ओतलं तर फसफसून जंतूंबरोबर आपल्या पेशीही मारतं. मधातून झिरपणारं त्याच्या हजारपट सौम्य असतं, पण ते तासन् तास झिरपत राहतं. याच कारणाने सोलापूरच्या चाचणीत न तापवलेला मध घेतला होता. मध जास्त तापला की हे विकर मरतं, मग उरतो तो नुसता पाक.

१९९८ साली सुब्रह्मण्यम यांनी पन्नास रुग्णांवर पुन्हा सिल्व्हर सल्फाडायझीनशी तुलना केली. यावेळी जखमेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सातव्या दिवशी मधाच्या ८० टक्के जखमांत दुरुस्तीचं काम सुरू झालेलं दिसलं, आणि सूजही कमी. मलमाच्या जखमांत हे प्रमाण ५२ टक्के होतं.

इथे थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं. सात-आठ वर्षांत मधाने सगळ्यांना चीत केलं होतं. परदेशातल्या लेखांत सोलापूरचं नाव येऊ लागलं होतं. अशा वेळी माणूस आपल्या औषधाचा पुजारी होतो. आपल्याकडे तर पटकन होतो. सुब्रह्मण्यम यांनी उलट केलं. १९९९ साली त्यांनी मधासमोर असा प्रतिस्पर्धी उभा केला ज्याच्यापुढे मध हरण्याची शक्यता होती : लवकर शस्त्रक्रिया. जळून मेलेला थर पहिल्या काही दिवसांतच तासून काढायचा आणि लगेच स्वतःच्याच अंगावरची चांगली कातडी लावायची. याला रक्त लागतं, भूल लागते, हात सराईत लागतो. पंचवीस रुग्णांना शस्त्रक्रिया, पंचवीस जणांना मध आणि मग गरजेप्रमाणे उशिरा रोपण.

मध हरला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या जखमा कितीतरी लवकर भरल्या आणि सांध्यांची हालचालही चांगली राहिली. सुब्रह्मण्यम यांनी हा निकाल आडवळणाने सांगितला नाही. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी लिहिलं की मध्यम प्रमाणातल्या भाजण्यात लवकर केलेली शस्त्रक्रिया आणि त्वचारोपण मधाच्या पट्टीपेक्षा सरस आहे. ज्या माणसाने आयुष्याची दहा वर्षं मधाला दिली त्याने हे शीर्षक लिहिलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच. १९९१चा लेख जगाला माहीत आहे. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी १९९९चा वाचायला देईन.

या दोन लेखांच्या मधोमध मधाची खरी जागा ठरते. वरवरचं आणि मधल्या थरापर्यंतचं भाजणं, म्हणजे फोड येतात, कातडी लालबुंद आणि ओली होते, दुखतं, पण खाली कातडीची मुळं शाबूत असतात, तिथे मध कामाचा. जिथे कातडी पांढरी, चामड्यासारखी कडक होते आणि टोचलं तरी कळत नाही, तिथे नवी कातडी उगवायला मूळच उरलेलं नसतं. तिथे कितीही मध ओता, शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

आता शंकांबद्दल. वैद्यकातले सगळे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने मधाचा आढावा २००८ साली घेतला आणि २०१५ साली तो नव्याने काढला. त्यांचा निष्कर्ष : मधल्या थरापर्यंतच्या भाजण्यात नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने जखम सरासरी साडेचार-पावणेपाच दिवस लवकर भरते. हा निष्कर्ष दोन चाचण्यांच्या आणि ९९२ रुग्णांच्या आधारावर आहे, आणि त्या दोन्ही चाचण्या सुब्रह्मण्यम यांच्या. त्याच आढाव्यात लवकर शस्त्रक्रियेच्या तुलनेत मधाने जखम साडेतेरा दिवस उशिरा भरते असंही नोंदवलं आहे. तो पुरावाही त्यांचाच. बाजूने बोलणारा साक्षीदारही तोच आणि विरुद्ध बोलणाराही तोच. आढावा घेणाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं, की जळिताचा जवळजवळ सगळा पुरावा एकाच केंद्रातून आला आहे, आणि दुसरीकडे तसाच निकाल येईल का हे पाहायला हवं.

ही टीका रास्त आहे. मध कुणाला लावला आणि मलम कुणाला, हे लपवता येत नाही. पट्टी उघडली की रंगावरून, चिकटपणावरून कळतंच. पाहणाऱ्याच्या मनात कल असेल तर तो मोजमापात उतरतो. सिल्व्हर सल्फाडायझीनखाली फक्त ७ टक्के जखमा स्वच्छ व्हाव्यात, हेही इतर ठिकाणच्या अनुभवाशी जुळत नाही. २०१० साली पाकिस्तानात दीडशे रुग्णांवर एक सुरेख चाचणी झाली. एकाच माणसाच्या अंगावरच्या दोन भाजलेल्या जागा निवडल्या, एकीवर मध, दुसरीवर सिल्व्हर सल्फाडायझीन. वय, खाणंपिणं, रक्त, सगळं एकच, फरक फक्त पट्टीचा. मधाखाली १३.४७ दिवस, मलमाखाली १५.६२. फरक दोन दिवसांचा. सोलापूरइतका मोठा नाही, पण दिशा तीच. माझं मत या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे : सोलापूरच्या आकड्यांनी मधाचा गुण थोडा फुगवून दाखवला असेल, पण गुण खरा आहे.

एवढ्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला मधाचा व्यापार उभा राहिला होता. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलान मानुका नावाच्या झुडपाच्या मधावर काम करत होते. त्या मधातलं पेरॉक्साइड काढून टाकलं तरी तो जंतू मारत होता. २००८च्या सुमारास ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांनी त्याचं कारण सांगितलं : मिथाइलग्लायॉक्सल. गामा किरणांनी निर्जंतुक केलेला मानुका मध नळ्यांत आणि पट्ट्यांत भरला गेला, आणि २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पट्ट्यांना विक्रीची परवानगी दिली. आज मोठ्या शहरांतल्या खाजगी रुग्णालयांत जखमेसाठी मध मागितला तर हाती पडते ती परदेशी महाग नळी. ज्या मधाच्या चाचण्या सोलापूरच्या गरीब पेशंटच्या अंगावर झाल्या तो मध मात्र कुणी नळीत भरला नाही.

आपल्याकडे मध कमी आहे असं नाही. महाबळेश्वरच्या जंगलात सातेरी माशी आहे, कड्यांवर आग्यामोहोळं आहेत. मधमाशीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६२ सालापासून पुण्यातच आहे. २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. अडचण आहे ती बाजारातल्या बाटलीची. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तेरा ब्रँडचे नमुने तपासून घेतले, तेव्हा बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. पोळीशी खायला हे वाईटच, जखमेवर लावायला तर घातक. शिवाय अस्सल मधातही क्वचित बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. जखमेचा मध गामा किरणांखालून गेलेला हवा. त्या किरणांनी बीजं मरतात आणि मधाचा जंतुनाशक गुण टिकतो.

हे तिन्ही धागे महाराष्ट्रातच आहेत : मांघरचा मध, पुण्याची प्रयोगशाळा आणि सोलापूरपासून नागपूरपर्यंतच्या सरकारी रुग्णालयांतले जळिताचे रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. एकाच वेळी तीन-चार वैद्यकीय महाविद्यालयांत, जखम मोजणाऱ्याला गट माहीत नसेल अशा काळजीने, ही चाचणी पुन्हा व्हावी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतलं तर एखाद्या पदव्युत्तर तुकडीच्या काळात उत्तर मिळेल. सोलापूरचा निकाल खरा ठरला तर प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात स्वस्त पट्टी पोचेल. खोटा ठरला तर तेही छापावं, सुब्रह्मण्यम यांनी १९९९ साली छापलं तसंच.

आणि हे वाचून कुणी स्वयंपाकघरातली मधाची बरणी भाजलेल्या हाताकडे नेणार असेल, तर कृपा करून थांबा. भाजल्याबरोबर तो भाग नळाच्या साध्या थंड पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरा. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. शाई नको, टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद-तूप नको आणि बरणीतला मधही नको, कारण यातलं काहीही लावलं तर जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. स्वच्छ धुतलेल्या कापडाने सैल झाका आणि दवाखाना गाठा. मध लावायचा की नाही, ते तिथे ठरू द्या.